निळा माशीमार आणि कारखान्यांचा पट्टा

पिंपरी-चिंचवडच्या आसपास पक्षी पाहणाऱ्या कुणाच्याही फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. मागे अंधारं झुडूप, पुढे चिमणीहून लहान पक्षी, पाठ निळी, छाती नारिंगी, फोटो जरासा हललेला. दाखवणारा विचारतो, ‘हा कोणता?’ कुणी ‘टिकेल’ म्हणतं, कुणी ‘ब्लू-थ्रोटेड’. मग एखादा जुना जाणता फोटोकडे न बघताच विचारतो, ‘कुठं मिळाला? किती उंचीवर बसला होता? महिना कोणता?’ या निळ्या पक्ष्याबद्दल जे काही कळलेलं आहे ते या उलट प्रश्नांतून जास्त कळलेलं आहे, रंगांवरून कमी, असं माझं मत आहे. तरी सुरुवात रंगांपासूनच करावी लागते.

आपल्या पट्ट्यात या वर्णनाचा पक्षी दिसला तर तो बहुतेक वेळा टिकेलचा निळा माशीमार असतो. शास्त्रीय नाव सायोर्निस टिकेली, लांबी सुमारे १४ सेंटिमीटर. नराची पाठ गडद निळी, कपाळ आणि खांदा त्याहून झळाळता, डोळ्यापासून चोचीपर्यंत काळसर पट्टी. गळा आणि छाती नारिंगी. नारिंगी रंग जिथं संपतो तिथं पांढरं पोट सुरू होतं आणि ही सीमा आडवी, स्पष्ट असते. मादीचा निळा रंग राखाडीकडे झुकलेला आणि नारिंगी फिका. मादीत निळेपणा असणं हीच मोठी खूण आहे. सायोर्निस वंशातल्या बहुतेक जातींच्या माद्या तपकिरी असतात, त्यामुळे मळकट निळी पाठ आणि फिकी नारिंगी छाती दिसली की आपल्याकडे फारसा वाद उरत नाही. नुकतंच घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू मात्र ठिपकेदार तपकिरी असतं. त्याच्या पंखांत आणि शेपटीत निळा रंग असतो, पण तो बघायचा हे आधी ठाऊक असावं लागतं.

वाद खरा होतो तो नरावरून. ब्लू-थ्रोटेड, म्हणजे निळ्या गळ्याचा माशीमार, हिमालयात वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो. त्याचा गळा निळा असतो आणि छातीची नारिंगी त्यात खालून पाचरीसारखी घुसलेली असते. पुस्तकात दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की फरक ढळढळीत दिसतो. ओढ्याच्या सावलीत तो दिसत नाही आणि त्याला कारण आहे. पक्ष्यांच्या पिसांतला निळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. प्रकाश कमी झाला की हाच निळा काळा होतो. झुडपाखाली बसलेल्या टिकेलच्या हनुवटीवर चोचीची आणि पानाची सावली पडली की गळा गडद वाटतो. मग घरी येऊन संगणकावर सावल्या उजळल्या की त्या गडद भागाला निळसर छटा येते आणि एका स्थानिक पक्ष्याचा हिमालयी पाहुणा तयार होतो. निळ्या गळ्याच्या नोंदी नाकाराव्यात असं नाही. सह्याद्रीत तो येतो. पण फोटोत नारिंगी पाचर स्वच्छ दिसत नसेल, तर नोंद टिकेलच्या खात्यावर टाकणं शहाणपणाचं.

गोंधळ घालणारे आणखी आहेत. सह्याद्रीपुरता मर्यादित असलेला पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार ओल्या जंगलाचा पक्षी. त्याच्या नराची छातीही निळीच, नारिंगी असते ती मादीला. चाकणच्या बाजूला तो मिळाल्याचं कुणी सांगितलं तर मी दोनदा विचारीन. निळ्या डोक्याचा कस्तुर हा हिवाळी पाहुणा वरून निळा, खालून नारिंगी आणि त्याच्या पंखावर पांढरा ठिपका, पण तो अंगानं बराच मोठा. इंडियन ब्लू रॉबिन जमिनीवर पाचोळ्यात वावरतो आणि त्याची भुवई पांढरी असते. व्हर्डिटर माशीमार सगळाच हिरवट निळा, आणि तो झाडाच्या शेंड्यावर किंवा तारेवर उघड्यावर बसतो. इथंच ‘किती उंचीवर?’ हा प्रश्न कामाला येतो. टिकेल बसतो तो जमिनीपासून हात-दोन हात ते फार तर डोक्याच्या जरा वर, आडव्या फांदीवर, ताठ. तिथून किडा दिसला की झेप घ्यायची, हवेत टिपायचा आणि त्याच किंवा शेजारच्या फांदीवर परत यायचं. कधी जमिनीवरही उतरायचं. बाकीचे पक्षी झोपायच्या तयारीला लागले तरी याची शिकार चालूच असते. तिन्हीसांजेला, कॅमेऱ्याला काही दिसेनासं झालं तरी.

आवाजाची ओळख त्याहून सोपी. पाच-सहा बारीक, धातूच्या सुरांची लहानशी लकेर, आधी खाली उतरणारी, मग वर चढणारी, कुणी पैंजण हलवल्यासारखी. मधूनच कोरडं ‘टिक टिक’. एकदा कानात बसली की मोशीच्या वाहतुकीच्या गोंगाटातही ती वेगळी काढता येते. फोनवर आवाज ओळखणारी साधनं आता सर्रास वापरली जातात आणि टिकेलच्या बाबतीत ती बऱ्यापैकी चालतात. मात्र लकेर ऐकून पक्षी शोधायचा, की पक्ष्याला आपल्याकडे ओढायला तीच लकेर स्पीकरवर वाजवायची, या दोन गोष्टींत फरक आहे. त्याकडे पुढे येतो.

नावाचा इतिहास थोडक्यात. सॅम्युएल टिकेल (१८११–१८७५) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. आजच्या झारखंड आणि पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बराभूम आणि धालभूम या रानांतल्या पक्ष्यांची यादी त्यानं १८३३ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. हो भाषेचं व्याकरणही त्यानं लिहिलं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर एडवर्ड ब्लाइद यानं १८४३ मध्ये या माशीमाराला टिकेलचं नाव दिलं. आपल्या बागांतल्या बांडगुळांवर येणारा इवलासा फुलटोच्याही बरीच वर्षं टिकेलच्याच नावानं ओळखला जात होता. टिकेलच्या यादीच्या एक वर्ष आधी, १८३२ साली, दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे आली होती. ती विल्यम हेन्री साइक्सची. मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अधिकारी म्हणून त्यानं पुण्याच्या आसपासचा मुलूख पालथा घातला होता. त्याचं नाव आज ज्या चंडोलाला आहे तो उघड्या माळाचा पक्षी. हा तपशील मी मुद्दाम ठेवतो, कारण पुढे येणारा चाकणच्या माळांचा प्रश्न समजायला साइक्सचा चंडोल लागतो.

जुन्या पुस्तकांत टिकेलचा माशीमार भारतापासून इंडोनेशियापर्यंत पसरलेला दिसतो. अलीकडच्या वर्गीकरणात आग्नेय आशियातले पक्षी वेगळी जात म्हणून काढले गेले, त्यामुळे आता टिकेल मुख्यतः भारतीय उपखंडाचा, श्रीलंकेतल्या उपजातीसह. वर्गीकरणाची दुसरी उलथापालथ आपल्या रोजच्या पाहण्याशी जवळची आहे. माशीमार म्हणून आपण जे पक्षी एका पिशवीत घालतो ते एका कुळाचे नाहीतच. स्वर्गीय नर्तक आणि नीलमणी हे मोनार्क कुळातले, नाचण तिच्या स्वतंत्र कुळातली, आणि हिवाळ्यात शेंड्यावर किलबिलणारा राखी डोक्याचा पिवळा माशीमार आणखी चौथ्याच कुळातला. उलट आपल्या अंगणातला दयाळ आणि दगडावर शेपटी उडवणारा चिरक, जे पूर्वी कस्तुरांच्या घरचे मानले जात, ते जनुकीय अभ्यासांनंतर टिकेलच्या कुळात आले. हवेत किडा टिपायचं कसब वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आलं, एवढाच याचा अर्थ.

पण आपल्या पट्ट्यात हे सगळे एकाच ओढ्यावर भेटू शकतात, म्हणून कुळाचा हिशेब बाजूला ठेवून त्यांची हजेरी लावणं सोयीचं. नीलमणीचा नर निळा, मानेवर काळा ठिपका आणि गळ्याखाली काळी बारीक रेघ. नारिंगी त्याच्यात कुठंच नाही. नाचण बारमाही, शेपटीचा पंखा उघडत सतत वळवळणारी, आणि मोठ्या बागांतही टिकणारी. स्वर्गीय नर्तकाबद्दल लिहायला बसलं तर वेगळा लेख होईल. नराच्या शेपटीतली मधली दोन पिसं २४ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. नर तांबूस रूपात असतात तसे पांढऱ्या रूपातही, आणि लांब शेपटी यायला नराला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून आखूड शेपटीचा तांबूस पक्षी दिसला की लगेच मादी म्हणून मोकळं होऊ नये. गळ्याचा रंग पाहावा. मादीचा गळा राखाडी असतो. नर्तकाचं कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं वाटीसारखं घरटं कधी कधी कोतवालाच्या घरट्याजवळ असतं. कोतवाल शिकाऱ्यांना हुसकावतो आणि त्याचा फायदा शेजाऱ्याला फुकटात मिळतो.

हिवाळी पाहुण्यांत संख्येनं जास्त लाल छातीचा माशीमार. पूर्व युरोप ते पश्चिम सायबेरिया या पट्ट्यात वीण करून तो सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे पोचतो. वजन दहा ग्रॅमच्या आसपास. शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे पांढरे चौकोन आणि खरखरीत ‘ट्रर्र’ आवाज. एवढ्यावर तो कंपनीच्या आवारातल्या कडुनिंबातही ओळखता येतो. त्याच्या सायबेरियातल्या भावाला, टैगा माशीमाराला, आता वेगळी जात मानतात. दोघांतला फरक चोचीच्या बुडाचा रंग आणि शेपटीवरच्या पिसांचा काळेपणा यांवर ठरतो, आणि दूरवरून घेतलेल्या फोटोत तो बहुधा ठरत नाही. तपकिरी माशीमाराच्या दोन-तीन सारख्या जाती आहेत, त्यांचंही तसंच. खालच्या चोचीचा पिवळेपणा, पायांचा रंग, शेपटीचा तांबूसपणा पाहिल्याशिवाय त्यांना नाव देऊ नये.

आता जागेकडे. लोणावळ्याला वर्षाकाठी साडेचार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. मधलं अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या उताराच्या कोरड्या टोकाला आहेत. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचं अभयारण्य आहे. १९८५ मध्ये घोषित झालेलं, शेकरूसाठी प्रसिद्ध, ओलं, दाट. एकाच तालुक्यात दोन जगं. टिकेलचा माशीमार दोन्हीकडे राहू शकतो, पण वेगवेगळ्या अटींवर. भीमाशंकरच्या बाजूला त्याला सावली कुठंही मिळते. चाकणकडे ती फक्त ओढ्यात, ओघळीत, टेकडीच्या कुशीत आणि जुन्या आमराईत मिळते. त्याला जंगलातला पक्षी म्हणतात ते खरंच आहे, पण त्याचं जंगल म्हणजे मोजणीच्या नकाशावरचा हिरवा तुकडा नव्हे. उंबर, करंज, जांभूळ, भोकर यांची वरची सावली, तिच्याखाली करवंद, निर्गुडी, अगदी घाणेरीसुद्धा, आणि तळाशी ओला पाचोळा. हे तिन्ही थर पन्नास पावलांच्या पट्ट्यात असले तरी तो तिथं राहतो. पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि एम्प्रेस गार्डनमध्ये तो दिसतो तो याच कारणानं.

या पट्ट्यात त्याला शोधायचं तर म्हणूनच घोराडेश्वरच्या उतारावरच्या ओघळी, देहूजवळचा भंडारा डोंगर, चाकणच्या औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या भामचंद्र डोंगराची दाट बाजू, इंद्रायणी आणि पवनेला मिळणारे लहान ओढे, अशा जागा धराव्या लागतात. १९५४ साली सुरू झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं पिंपरीतलं आवार किंवा देहूरोडचा लष्करी भाग यांसारख्या जुन्या, कुंपणाआडच्या झाडीचं महत्त्वही इथंच. तिथं कुणी मुद्दाम पक्ष्यांसाठी काही केलं म्हणून ही झाडी महत्त्वाची नाही. कित्येक वर्षं तिला कुणी हात लावला नाही, एवढंच पुरे झालं. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दशकांत भोसरी, मग चाकण, असा कारखान्यांचा ओघ उत्तरेकडे सरकला. जुन्या वसाहतींत निदान झाडं म्हातारी झाली. नव्यांत हिरवळ आहे, पण ती वेगळ्या जातीची.

कारखान्यांच्या पर्यावरण मंजुरीत हरितपट्ट्याची अट असते, बऱ्याचदा जागेच्या ३३ टक्के. अट पुरी होते ती झाडांच्या मोजणीनं. रांगेत लावलेली, एकाच वयाची झाडं, खाली कापलेली हिरवळ किंवा झाडून स्वच्छ केलेली माती. लाल छातीचा माशीमार अशा जागी हिवाळा काढू शकतो, कारण त्याला झाडाचा मधला भाग पुरतो. टिकेलला नाही पुरत. त्याचा थर जमिनीपासून डोक्याइतका, आणि बागकामाच्या दृष्टीनं हाच थर ‘कचरा’ असतो. झुडूप कापलं, पाचोळा जाळला, ओढ्याचं पात्र सरळ करून दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत उभी केली की झाडांचा आकडा तोच राहतो आणि माशीमार जातो. मुळा, पवना आणि इंद्रायणीच्या काठांवरच्या सुशोभनाबद्दल बोलताना झाडं किती तुटणार यावरच सगळी चर्चा अडते. झाडं न तोडताही काठ मोकळा करता येतो आणि तो मोकळा झाला की या पक्ष्याला तिथं काम उरत नाही. माझ्या मते हाच मुद्दा जास्त बोलला जायला हवा.

याची दुसरी बाजू वृक्षारोपणवाल्यांना आवडणार नाही. निळा माशीमार आणायचा म्हणून चाकणच्या माळांवर झाडं लावणं चुकीचंच. साइक्सच्या चंडोलाचं, धाविकांचं, टिटव्यांचं घर म्हणजे तो गवताळ, खडकाळ, ‘पडीक’ म्हणून नोंदलेला माळ. आधी त्यातला मोठा भाग कारखान्यांच्या शेडखाली गेला, आणि उरलेल्यावर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून आपण हिरवं केल्याचं समाधान मिळवतो. कोरड्या पठारावर दोन स्वतंत्र घरं आहेत. माळाला माळ राहू द्यावा, ओढ्याला ओढा. माशीमाराची जागा ओढ्यात आहे. देवराया टिकल्या तिथं हे जुन्या लोकांनी न सांगता सांभाळलं होतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा पाण्याच्या उगमाजवळच्या रायांकडे लक्ष वेधलं गेलं ते उगीच नाही.

काचेच्या इमारतींचा उल्लेख करून पुढे जातो. नव्या कार्यालयांच्या दर्शनी काचेत समोरच्या झाडाचं प्रतिबिंब पडतं आणि स्थलांतराच्या दिवसांत लहान पक्षी त्यावर आदळतात. काचेवर दाट ठिपक्यांची फिल्म लावणं हा त्यावरचा ज्ञात उपाय आहे. खर्चिक नाही, पण दर्शनी भाग बिघडतो म्हणून होत नाही.

छायाचित्रणाचं काय? सिंहगडाच्या दरीपासून सगळीकडे पाणवठ्यांवर लपून फोटो घेण्याची पद्धत रुळली आहे. पाणी ठेवून शांत बसण्यात फारसं वावगं नाही. लकेर पुन्हा पुन्हा वाजवण्यात आहे. विणीच्या काळात नर आपली हद्द राखत असतो. स्पीकरवरचा आवाज त्याला घुसखोर वाटतो, तो शिकार सोडून शोधत फिरतो, आणि त्या वेळात घरट्यावरची जबाबदारी मादीवर पडते. अळ्यांचं आमिष लावून एकाच काठीवर पक्षी बसवायचा प्रकारही वाढतो आहे. त्यातून मिळालेला फोटो स्वच्छ असतो, पण पक्षी कुठं बसतो, किती उंचीवर, कशाच्या मागे जातो हे त्यातून काहीच कळत नाही. ओळखीच्या कामाला असा फोटो निरुपयोगीच.

वीण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत चालते. घरटं झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत किंवा ओढ्याच्या काठातल्या भोकात, आत बारीक गवत आणि मुळ्या. अंडी तीन ते पाच. म्हणजे ज्या महिन्यांत पावसाळापूर्व सफाईच्या नावाखाली ओढ्यांचे काठ खरवडले जातात, त्याच महिन्यांत काठाच्या भोकात पिल्लं असतात. महापालिकेनं आणि औद्योगिक वसाहतींनी गाळ पात्रातून काढावा, काठ सोडावा, किंवा निदान यंत्र मार्चमध्येच आणावं. यात पैशांचा प्रश्न फार नाही, वेळापत्रकाचा आहे.

पट्ट्यात हा पक्षी फक्त येतो की इथंच वाढतो, हे ठरवायला घरटं शोधायची गरज नाही आणि शोधूही नये. घरट्याजवळ माणूस घुटमळला की कावळा आणि मांजर मागोमाग येतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबल्यावर अर्धा तास ओढ्यापासून पंधरा-वीस पावलांवर उभं राहावं. ठिपकेदार तपकिरी पिल्लू, पंखात निळी कड, आणि त्याला भरवणारे आई-बाप दिसले तर वीण सिद्ध झाली. त्या नोंदीत तारीख, ओढ्याचं नाव, पक्षी बसला ती उंची आणि खालच्या झुडपाची जात लिहावी. फोटो हलला असला तरी चालेल.